ओल्या ओट्यावरचा पाट

चतुर्थीचा गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून घरी आणणं हे काय काम आहे, ते ज्याने गोव्यातल्या कोरगावच्या वाटांवरून एकदा तरी आणलाय त्यालाच माहीत. मूर्ती कच्च्या मातीची, भट्टीत घातलेली नसते. रंग कालपरवाचा. वरून पाऊस, खाली शेवाळलेले बांध आणि दगडी पायऱ्या. जरा कुठे ठेच लागली की सोंड गेली. आणि सोंड मोडलेला गणपती घरात आला की वर्षभर त्या घरात जे काही वाईट होईल, गाय आटण्यापासून म्हातारं जाण्यापर्यंत, ते सगळं आणणाऱ्याच्या नावावर पडतं. म्हणून हे काम कोणी हौसेने अंगावर घेत नसे. घ्यायचा एकटा अनंत गावडे.

अनंत काजूची बाग राखायचा, थोडं भात पिकवायचा. उंची बेताची, मान आखूड, पोटऱ्या मात्र नांगराच्या बैलासारख्या. चतुर्थीच्या दिवशी सकाळी आंघोळ करून तो निघे आणि दुपारपर्यंत दहा-बारा घरांचे गणपती पाटासकट उचलून पोचवी. उचलण्याचं कोणाला कौतुक नव्हतं, ते कोणीही दांडगा माणूस करील. कौतुक होतं ठेवण्याचं. फळं टांगलेल्या माटोळीच्या लाकडी चौकटीखाली चौरंगापाशी आला की अनंत श्वास धरी, गुडघे वाकवी आणि शेवटचं बोटभर अंतर असं खाली नेई की पाट कधी टेकला ते समोर उभ्या असलेल्यालाही समजत नसे. मूर्तीच्या हातातल्या मोदकावर माशी बसलेली असली तर तीसुद्धा उठायची नाही. बायका म्हणत, "अनंतान ठेवलो, गणपतीक कळूंक पण ना." खुद्द गणपतीलाच पत्ता लागला नाही, अशी ती तारीफ.

अनंताच्या पुढे घंटा वाजवत, वाट मोकळी करत त्याचा मुलगा चाले. गुरुदास. घंटा पितळेची, पोराच्या मनगटाला न पेलणारी, आणि तो ती जीव खाऊन वाजवी. ही गोष्ट त्या गुरुदासची आहे.

पोर्तुगीज गेले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. गावच्या मराठी शाळेतून पेडण्याला, पेडण्याहून म्हापशाला, आणि तिथल्या एका मास्तरांनी कान पकडून अर्ज भरून घेतला म्हणून थेट हवाई दलात. तिथे बारा-चौदा वर्षं त्याने मालवाहू विमानं चालवली. बटाट्याची पोती नेली, तंबू नेले, एकदा तर डोंगरावरच्या पलटणीसाठी चाळीस जिवंत बकरे नेले. मग प्रवासी विमानांच्या एका कंपनीत लागला आणि यथावकाश कॅप्टन झाला.

गावाला हे काही नीटसं उमगलं नव्हतं. बाजारात सगुण शेट्याचं किराणा दुकान होतं, तिथे वर्तमानपत्र येई आणि त्याबरोबर माणसंही येत. सगुण अनंताचा बालमित्र, म्हणून त्याला टोचण्याचा हक्क त्याने स्वतःकडे घेतलेला.

"ट्रक चालयता तो आणि विमान चालयता तो, फरक कितें रे अनंता?"

"ट्रकवाल्याक वाटेर थांबून मुतूंक मेळता," अनंत म्हणे आणि विडी पेटवी.

बकरे आणि बटाटे तक्रार करत नाहीत, माणसं करतात. पण गुरुदासच्या विमानातली माणसं करत नसत. विमान जमिनीला टेकतं ना, ती वेळ प्रवाशांना फार नकोशी असते. कोणी डोळे मिटतं, कोणी समोरच्याची खुर्ची आवळून धरतं. गुरुदासच्या विमानात लोक तसेच आवळून बसलेले असायचे आणि बाहेर बघतात तो विमान केव्हाचं टेकून धावतंय. लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईने उतरताना त्याला हात जोडले होते. ही हातोटी कुठून आली असं सोबतच्या वैमानिकांनी विचारलं तेव्हा त्याने बापाची गोष्ट सांगितली. तेव्हापासून कंपनीत तशा उतरण्याला गणपती ठेवणं असं नावच पडलं. को-पायलट विचारायचे, "सर, आज गणपती ठेवणार ना?" आणि गुरुदास ठेवायचा.

हे कौतुक एका पावसाळ्यात अंगाशी आलं. किनाऱ्यावरच्या एका लहानशा विमानतळावर तो उतरत होता. मागच्या खुर्चीवर कंपनीचे मोठे कॅप्टन बसले होते, तपासणीसाठी. पाऊस थांबलेला, धावपट्टीवर पाणी. गुरुदासने नेहमीसारखं विमानाचं नाक किंचित उचललं आणि हळुवार टेकायची वाट बघत राहिला. विमान तरंगत राहिलं. दिसायला सुंदर होतं ते. टेकलं तेही सुंदर. पण मग ब्रेक दाबले तर काही होईना, चाकं पाण्यावरून साबणासारखी सरकत होती. विमान थांबलं तेव्हा पुढे समुद्राकडची झुडपं स्पष्ट दिसत होती. पाठीमागे केबिनमध्ये लोक टाळ्या वाजवत होते.

प्रवासी गेल्यावर मोठ्या कॅप्टननी गुरुदासला जीपमध्ये घालून धावपट्टीच्या टोकापर्यंत नेलं आणि परत सुरू झालेल्या पावसात खाली उतरवलं. म्हणाले, "कडेचे किती दिवे उरले होते बघ." चार दिवे उरले होते. मग म्हणाले, "ओल्या जमिनीवर चाकाने पाणी फोडून खालचा दगड धरायला लागतो. त्यासाठी विमान दणकून ठेवायचं. हळुवार ठेवलंस तर ते जमिनीवर उतरतच नाही, पाण्यावर उतरतं. टाळ्या ऐकल्यास ना? त्या लोकांना झुडपं दिसली नव्हती."

गुरुदास भिजत उभा राहिला. त्या दिवसापासून सुक्या धावपट्टीवर तो बापासारखा ठेवी आणि ओलीवर कॅप्टनसारखा. ओलीवर ठेवलं की लोक कुरकुरत, एखादं पोर रडे, दाराशी उभं राहून कोणीतरी पाठ चोळत बघे. त्याला वाईट वाटे. बापाने शिकवलं ते एक आणि धंद्याने शिकवलं ते दुसरं, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. बापाला हे कधी सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की तुमची विद्या पावसात चालत नाही?

मग ते वर्ष आलं. गोव्यात त्या वर्षी माणसं फार भांडून दमलेली होती. मराठी की कोकणी, ह्यावरून आधीच्या हिवाळ्यात रस्ते अडले, डोकी फुटली, सोयरिकी तुटल्या. मग भाषेचा कायदा झाला, मे महिन्यात गोव्याचं वेगळं राज्यही झालं. सगुण शेट्ये मराठीवाला, कडवा. अनंत दोन्ही बाजूंची भाषणं ऐके आणि म्हणे, "मी गणपतीक उचलताना 'उं' म्हणतां. ती खंयची भास ती तुम्ही ठरवा."

आणि जूनमध्ये, बागेतल्या चढावर, अनंत छाती धरून बसला.

गुरुदासने त्याला मुंबईला नेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला छाती उघडून ऑपरेशन झालं. मधलं हाड करवतून परत तारेने बांधलेलं. आई, शांता, इस्पितळाच्या व्हरांड्यात टोपलीवर बसून राहिली. ती माहेरची डिचोलीकडची, पाळीची, खाणीच्या लाल धुळीत वाढलेली, सहजासहजी न रडणारी बाई. सगुणने पत्र पाठवलं होतं: "आता नवीन राज्य झाले आहे. तू कुठल्या भाषेत बरा होतोस ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे आनंद करू." अनंत हसायला गेला आणि कळ येऊन तोंड वाकडं करून बसला.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, हाड सांधायला दोन महिने लागतील, तोवर दणका बसता कामा नये. खोकला आला तरी उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. म्हणजे बस नको, घाट नको, गाडी बदलत जाणारी आगगाडीही नको. आगबोट पावसाळ्यात बंद. राहिलं विमान.

"तूच चालयतलंस मरे?" शांताने विचारलं.

"मीच, आये." त्याने ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या.

"मग बरां."

अनंत उशी कुरवाळत बसला होता. आयुष्यात विमानात बसला नव्हता. मुलगा कॅप्टन होऊन इतकी वर्षं झाली, पण भात सोडून जायचं कधी, बाग सोडून जायचं कधी.

गुरुदास त्याच्यापाशी टेकला. "बाबा, तुमका कळूंक पण ना."

"गणपतीसारखो?"

"गणपतीसारखो."

बाप समाधानाने मान हलवून पडून राहिला. गुरुदासने त्या क्षणी आकाशाकडे बघायला हवं होतं. ऑगस्ट होता.

चतुर्थीला आठ दिवस होते तेव्हाची ही दुपार. विमानात शंभरावर माणसं, निम्मी चतुर्थीला घरी निघालेली, कोणाच्या पायाशी मखराचं सामान, कोणाच्या मांडीवर मोदकांचे साचे. अनंत चौथ्या रांगेत, छातीशी उशी. शांता खिडकीकडे, पण बाहेर न बघता नवऱ्याकडे बघत. गुरुदासच्या शेजारी को-पायलट राजेश, बेळगावचा, सरळ आणि कमी बोलणारा.

उतरायची वेळ जवळ आली तशी गुरुदासने इंग्रजीत घोषणा केली, हिंदीत केली, आणि मग त्याला राहवलं नाही. माईकवर तो आपल्या गावच्या बोलीत म्हणाला, "बाबा, आये, आता सकयल देंवतां. भियेवं नाकात." खाली उतरतोय, घाबरू नका, एवढंच. त्या वर्षी एवढंही साधं नव्हतं. मागे कोणीतरी टाळी वाजवली आणि कोणीतरी, हे असलं विमानात कशाला, म्हणून पुटपुटलं. शांताने मात्र पदर सावरला, जणू मुलगा समोर येऊन उभा राहिलाय.

दाबोळीवर पाऊस होता. टॉवरने सांगितलं, धावपट्टी ओली, दिसतंय बेताचं. वाऱ्याने ढगाखाली दिशा बदललेली. विमान ढगातून बाहेर आलं तेव्हा दिवे समोर होते, पण विमान असायला हवं त्यापेक्षा थोडं उंच आणि थोडं वेगात. तरी चालण्यासारखं होतं. धावपट्टीचा उंबरठा खालून गेला. आता ठेवायचं.

आणि गुरुदासचा हात थांबला. कळूंक पण ना, असा शब्द दिला होता. चौथ्या रांगेत तारेने बांधलेलं हाड होतं. त्याने नाक अगदी केसभर जास्त धरून ठेवलं. विमान तरंगलं. खालून पाण्याने चकाकणारी धावपट्टी पळत होती. पांढऱ्या पट्ट्यांची एक खूण मागे गेली. दुसरी गेली.

"सर," राजेश म्हणाला, "आपण पुढे चाललोय."

गुरुदासला झुडपं आठवली. त्याने इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि विमान परत वर घेतलं.

आरामात बसलेल्या माणसाला हे भयंकर वाटतं. जमीन हाताशी आलेली असते आणि एकदम विमान गर्जना करत नाक वर करून आभाळात घुसतं. केबिनमध्ये ओरडा झाला, साच्यांचं पोतं रांगेमधून घरंगळत गेलं. वर ढगात विमान चांगलं झोडपून निघालं. हवाई सुंदरी येऊन सांगून गेली, वडील ठीक आहेत, घामाने भिजलेत. आई देवाचं नाव घेते आहे.

वळसा घालून परत समोर यायला बारा मिनिटं लागली. मुंबईला परतावं तर तिथेही हीच ओल, शिवाय तासभर आणखी हेलकावे. गुरुदासला आता पक्कं ठाऊक होतं काय करायचं. ठेवायचं दणकून, पहिल्या खुणेवर, पाणी फोडून.

राजेशने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "सर, मी उतरवू का?"

त्या प्रश्नात कोणतंही वाकडेपण नव्हतं. पोरगा हुशार होता, त्याने नीट उतरवलंही असतं. दणका बसला असता तो राजेशच्या हातचा असता, आईला सांगता आलं असतं, मी नव्हतो. हा विचार गुरुदासच्या मनात आला, पुरता आला, आणि त्याला त्याची लाज आयुष्यभर वाटली. असल्या पावसात कॅप्टननेच उतरवायचं, हा नियम होता. "नको," तो म्हणाला. मग सुंदरीला बोलावून निरोप दिला, "चौथ्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांग, उशी घट्ट धरा म्हणावं. खूप घट्ट."

ह्या खेपेला विमान उंचीला बरोबर होतं, वेगाला बरोबर होतं. उंबरठा गेला, खूण आली, आणि गुरुदासने ते ठेवलं. दाण्ण. खिडक्या थरारल्या, वरची फडताळं खडखडली, चाकांनी दगड धरला. पंखांवरच्या फळ्या उघडल्या, ब्रेक लागले, विमान मुकाट्याने थांबलं. पुढे अजून पुष्कळ धावपट्टी शिल्लक होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सगळे उतरल्यावर तो चौथ्या रांगेपाशी गेला. अनंत उशीवर हनुवटी टेकून बसला होता, ओठ निळसर.

"बाबा, दुखलां?"

अनंताने श्वास गोळा केला. "भुंय खंय आसा ती कळ्ळी," जमीन कुठे आहे ते समजलं, असं म्हणून तो एका बाजूने हसला.

शांता हसली नाही. तिने मुलाकडे बघितलंच नाही. उशी सरकली होती ती नीट केली.

तिथून पुढचा रस्ताही सांगायला हवा, कारण त्याबद्दल नंतर कोणी बोललं नाही. मांडवीवरचा पूल आदल्या वर्षी कोसळलेला, म्हणून पणजीला टॅक्सी फेरीबोटीच्या रांगेत दीड तास. बोटीवर चढताना फळकुटावरून एक धक्का, बेतीला उतरताना दुसरा. म्हापशापासून पुढे पावसाने खाल्लेला रस्ता. प्रत्येक खड्ड्याला अनंत उशी आवळत होता. पण घरी पोचल्यावर शेजारच्या बायकांना शांताने सांगितलं ते एवढंच, "विमान आपटलां."

चार दिवसांनी ताप आला. टाक्यांमधून पाणी झिरपू लागलं. म्हापशाहून डॉक्टरांना आणलं. त्यांनी गुरुदासला अंगणात नेलं. आत जंतू शिरलेत, हाड सांधलंच नाही, म्हणाले, आणि हे बहुतेक पहिल्यापासूनच होतं. आता एवढ्या अशक्त माणसाला हलवण्यात अर्थ नाही.

"विमान जोरात टेकलं होतं, डॉक्टर."

"त्याने असं होत नाही." डॉक्टर छत्री उघडता उघडता थांबले. "बहुधा."

तो एक शब्द त्यांनी उगाच जोडला.

चतुर्थीच्या सकाळी सगुण शेट्ये आला. दाराशी चपला काढून आत आला, अनंताच्या खाटेशी कदेल ओढून तिच्यावर बसला. टोचायचं काही सुचेना, म्हणून छताकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "औंदा आमचो गणपती कोण ठेवतलो रे?"

"गुरुदास ठेवतलो," अनंत म्हणाला.

सगुण चुळबुळला. "न्हय, म्हणजे... त्याच्या हातान..." पुढचं त्याने गिळलं, पण बाजारात जे म्हणत होते ते सगळ्यांनाच माहीत होतं. गुरुदासच्या हातात गणपती दिला तर कंबरेत मोडेल, असं म्हणत होते. शांता चुलीपाशी होती. तिने मागे वळून बघितलं नाही.

"तू फुडे हो," अनंत सगुणला म्हणाला. तो गेल्यावर मुलाला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता. "सगुणागेर चौरंग नाय. मातीचो ओटो. त्यांची रीत ती, त्याच सकाळी सारवतत आणि ओलो आसतानाच गणपती बसयतत. थंय हळू ठेवूंक जायना. हळू ठेवलंस तर पाट शेणार सरकता, मूर्ती कलता. थंय वजन घालून एकदम ठेवूंक जाय. दणको बसूंक जाय. पाट मातीत रुतलो तर ऱ्हावता."

गुरुदासला आधी वाटलं, तापात बडबडतोय. "बाबा, तुम्ही कधी दणको दिलो? सगळे म्हणतत, गणपतीक कळूंक पण ना."

"लोकांक चौरंग याद उरता. सगुणागेर दर वर्सा मी दणकोच दिलो."

"मी तर फुडेच उभो आसायचंय. मी कधी आयकूंक ना."

अनंताने डोळे मिटले. मग त्याच्या तोंडावर ते एका बाजूचं हसू आलं. "कसो आयकतलंस? घंटा तूच वाजयत आसायचंस मरे."

गुरुदासने आपल्या उजव्या मनगटाकडे बघितलं.

"त्या दिसा," अनंताने विचारलं, "थंय दाबोळीर, भुंय ओली आसली?"

"होय, बाबा."

"मग बरोबर ठेवलंस." आणि थोड्या वेळाने, "पयल्या खेपेक हळू ठेवूंक गेल्लंस?"

"होय."

"माझ्यासाठी?"

गुरुदासने खाटेवरची चादर त्याच्या पायांवर ओढली.

"परत असां करू नको," बाप म्हणाला.

शांता हे ऐकत होती का? चुलीत ओली लाकडं होती, ती फुंकत होती. गुरुदासने तेव्हा वळून तिला हाक मारायला हवी होती, आये, इकडे ये, बाबा काय सांगतात ते ऐक. त्याने मारली नाही. वाटलं, बाप बरा झाला की स्वतःच सांगेल.

तो चित्रशाळेत गेला, मूर्ती उचलली. पोटऱ्या बापाच्या नव्हत्या, पण आल्या कामाला. सगुणच्या घरी गर्दी होती, दरवर्षीपेक्षा जास्त. माणसं काय बघायला आली होती हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. घंटा सगुणच्या नातवाच्या हातात होती. गुरुदास ओट्यापाशी आला आणि पोरगं घाबरून वाजवायचंच थांबलं. सगळं घर चिडीचूप. ओटा ओला, शेणाचा वास ताजा. गुरुदासने गुडघे वाकवले, दोन्ही हात बरोबर केले आणि ठेवला. दण्ण. पाट बोटभर मातीत रुतला आणि तसाच राहिला. मूर्तीवरचा एक कण ढळला नाही.

पण दणका सगळ्यांनी ऐकला. पहिल्यांदाच ऐकला. एक म्हातारी पदरात तोंड घालून म्हणाली, "बापाशीचो हात नाय तो." सगुण पुढे झाला, मूर्ती नीट निरखून बघितली, काही मोडलं नाही हे बघून ओशाळला, आणि पोराला म्हणाला, "वाजय रे."

गणपती पाच दिवसांचे होते. अनंत चौथ्या दिवशी गेला, दुपारी, उशी छातीशी धरूनच. पाळीहून विठ्ठलमामा आला, खाणीवर ट्रक चालवणारा, मनाने चांगला माणूस. गुरुदासच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊं दे रे. ब्रेक कोणाचेय हातसून चुकता." गुरुदासने त्याच्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. समजावायचं म्हटलं तर चाकं, पाणी, दगड, पहिली खूण, हे सगळं मयताच्या दारात सांगायला लागलं असतं.

आईला त्याने एकदा सांगून बघितलं, दिवसकार्य झाल्यावर. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, बहुधा हा शब्द गाळून. बाबा काय म्हणाले तेही सांगितलं. शांताने सगळं ऐकून घेतलं. "ते तसेच," ती म्हणाली. "तुका वायट वाटूंक नये म्हणून कितेंय सांगतले." मग तांदूळ निवडायला घेतले. त्यावर पुढे कधी बोलणं झालं नाही. ती त्याला जेवायला वाढी, त्याच्या आवडीची माशांची तिखली करी, पत्राच्या शेवटी आशीर्वाद लिहायला सांगे. कशातही कमी केलं नाही.

चार-पाच वर्षं गेली. गुरुदासच्या मुलीचं, योगिताचं, मुंबईत लग्न ठरलं. जुलैचा मुहूर्त निघाला. तो आईला न्यायला कोरगावला आला, विमानाची तिकिटं खिशात.

शांता ओसरीवर बसली होती. तिने तिकिटं उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "तूच चालयतलंस मरे?"

तोच प्रश्न, त्याच शब्दांत. फक्त तेव्हा ती उत्तराची वाट बघत होती आणि आता तिकिटं परत त्याच्या हातात देत होती.

"मीच, आये."

"पावसाचे दीस," ती म्हणाली. "मी सगुणाच्या सुनेवांगडा बशीन येतां. तू हो फुडे."

त्याने आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची बस पेडण्याहून सुटली आणि गुरुदासने दाबोळीहून विमान उचललं. मुंबईला पाऊस होता. त्याने ते पहिल्या खुणेवर दणकून ठेवलं. दाराशी एक गृहस्थ कंबर धरून थांबले आणि म्हणाले, "कॅप्टन, जरा हळू ठेवायचं की."

"माफ करा," गुरुदास म्हणाला. "जमीन ओली होती."

सकाळी तो बसच्या थांब्यावर उभा राहिला. बस तीन तास उशिरा आली. महाडच्या पुढे रस्ता वाहून गेला होता, एकदा तर गाडी अशी आदळली म्हणे की मागच्या काचा फुटल्या, सगुणच्या सुनेच्या कपाळाला टेंगूळ आलेलं. अठरा तास झाले होते. शांताला धड उभंही राहता येईना, त्याने दोन्ही दंड धरून तिला पायरीवरून उचलून खाली घेतलं आणि अगदी जपून जमिनीवर ठेवलं.

"प्रवास कसो जालो, आये?"

तिने पदराने तोंडावरचे चिखलाचे शिंतोडे पुसले. "बरो जालो," ती म्हणाली. "कळूंक पण ना."